मागची बाजू

रविवार, रात्री साडेदहा

आज ट्रेकमध्ये मागची बाजू, म्हणजे सगळ्यांच्या शेवटी चालायचं काम, माझ्याकडे होतं. पुणे जिल्ह्यातल्या केळदहून उपांड्या घाटाने खाली कर्णवडी, तिथून रानवडी आणि परत वर मढे घाटाने केळद. आमच्या ट्रेकिंग मंडळाच्या हिवाळी यादीत हा फेरा ठरलेला असतो. पावसाळ्यात मढे घाटाच्या माथ्यावर धबधब्यासाठी एवढी गर्दी होते की घाट बघायचाच राहून जातो. डिसेंबरात मात्र वाट मोकळी असते, गवत सोनेरी झालेलं असतं आणि खालचं कोकण धुरकट निळं दिसत असतं.

मंडळाचा नियम साधा आहे. पुढच्या लीडरला कुणी ओलांडायचं नाही आणि मागच्याच्या मागे कुणी राहायचं नाही. वाट फुटली की थांबायचं, डोकी मोजायची, सगळे आले की मगच निघायचं. पुढचा वाट शोधतो, म्हणून सगळ्यांना त्याचं कौतुक. मला मात्र मागे चालायला मनापासून आवडतं. मागून माणसं दिसतात. घसाऱ्यावर कोण टाच रोवून उतरतंय, कोण भीतीने मागे कलतंय, कुणाची बाटली सकाळपासून उघडलेलीच नाही, हे सगळं मागूनच कळतं. सगळ्यात महत्त्वाची खूण म्हणजे गप्प होणं. सकाळपासून बडबडणारा माणूस एकदम गप्प झाला की मी चालीचा वेग वाढवून त्याच्या जवळ जाते.

आज गप्प झाल्या त्या काकू. मंडळाबरोबर पहिल्यांदाच आल्या होत्या. उपांड्याचा उतार त्यांनी छान केला. कर्णवडीत एका अंगणात आम्ही पाण्याला थांबलो, तेव्हा तिथल्या मावशींशी त्यांनी शेतीच्या कितीतरी गप्पा मारल्या. मावशी म्हणाल्या, "उन्हाचं कशाला जाताय, बसा वाईच." खरं तर बसायलाच हवं होतं असं वाटण्यासारखं ऊन होतं. पण रानवडी गाठून पुन्हा घाट चढायचा होता.

या फेऱ्याची गंमतच ती आहे. किल्ल्यावर चढण सकाळच्या गारव्यात होऊन जाते आणि दमलेले पाय उतारावर येतात. घाटवाटांच्या फेऱ्यात नेमकं उलट होतं. सकाळी ताज्या पायांनी उतरायचं आणि भर दुपारी, कोकणातला दमट उकाडा अंगावर घेऊन, सगळी उंची परत चढायची. सकाळी उतरताना वाटणारा आत्मविश्वास दुपारी कामाला येत नाही. नव्या माणसाला हे आधीच सांगावं लागतं आणि आम्ही ते सांगतोही. तरी ते कळतं चढणीवरच.

मढे घाटाच्या मध्यावर काकूंच्या पोटऱ्यांत गोळे आले. सावलीत बसवलं, पाय सरळ करून पंजा हळूच गुडघ्याच्या दिशेने ओढून धरला, मीठ-साखरेचं पाणी घोट घोट दिलं. त्या सारख्या म्हणत होत्या, "माझ्यामुळे सगळ्यांना उशीर होतोय गं." मी म्हटलं, "काकू, ज्याला उशीर म्हणताय ना, तोच आपल्या सगळ्यांचा वेग आहे." कॉलेजातल्या एका मुलाने न सांगता त्यांची सॅक उचलून पोटावर बांधली. आमच्यापैकी कुणाच्याही फोनला तिथे रेंज नव्हती. शिट्टीने वर निरोप दिला, वरून शिट्टी आली आणि पुढचे जिथे होते तिथेच बसून राहिले. हे बसून राहणं मला फार मोठं वाटतं. माथा समोर दिसत असताना, भूक लागलेली असताना, अनोळखी माणसासाठी गट थांबतो.

थांबलो होतो तिथे तानाजींचा विषय निघाला. 1670 साली कोंढाण्यावर ते पडले आणि त्यांचा देह याच वाटेने कोकणात त्यांच्या गावी, उमरठला, नेला, म्हणून हा मढे घाट, असं इथली माणसं सांगतात. मला दरवेळी खांदेकऱ्यांची आठवण येते. एवढ्या उतारावर खांदा बदलत जाताना सगळ्यात दमलेल्याच्या पावलानेच सगळे चालले असतील. आजही घाटात कुणी जखमी झालं तर दुसरं काय होतं? एमएमआरसीसीला, म्हणजे डोंगरातल्या बचावकार्याचा समन्वय करणाऱ्या केंद्राला, फोन लागतो, जवळच्या गावातली आणि गिर्यारोहण संस्थांमधली पोरं स्वतःची कामं टाकून येतात आणि स्ट्रेचर शेवटी खांद्यावरूनच वर येतं. त्यात अख्खा दिवस जाऊ शकतो. म्हणून गोळे येतात तेव्हाच बसायचं. पाय लटपटून कोसळेपर्यंत वाट बघायची नाही.

सायकलींच्या राइडला मागची बाजू वेगळी असते, हे गेल्या महिन्यात पानशेतच्या पाणलोटाकडे मातीच्या वाटेवर चांगलंच जाणवलं. चालताना शेवटचा माणूस हाकेच्या अंतरावर असतो. चाकावर मात्र एक उतार आला की गट लांबच लांब ताणला जातो आणि समोर फक्त धुरळा दिसतो. मागच्याकडे पंप, पंक्चरचं सामान आणि चेनची जादा कडी असते. मी निघतानाच सगळ्यांच्या टायरमधली हवा थोडी कमी करायला लावते, मुरुमावर पकड मिळते. उतारावर बूड सीटच्या मागे, पेडल आडवी, नजर जिथे जायचंय तिथे. पुढचा ब्रेक एकदम दाबला की माणूस हँडलवरून पुढे जातो. आणि दिवाळी ते होळी सोडून मातीच्या वाटेवर चाक घालायचं नाही, यावर मी अडून बसते. ओल्या वाटेवर चाकाने चरी पडते, पुढच्या सरीत तिचा ओहोळ होतो आणि दोन-चार पावसाळ्यांत गावकऱ्यांची चालायची वाट वाहून जाते. ती वाट आपली नाही, आपण तिच्यावर पाहुणे आहोत.

काकू संध्याकाळच्या उन्हात माथ्यावर पोचल्या. पुढच्यांनी त्यांच्यासाठी भाकरी आणि ठेचा राखून ठेवला होता. गाडीत त्यांनी विचारलं, पुढचा ट्रेक कुठला.

पुढचा बोराट्याची नाळ, म्हणजे मोहरी गावाहून लिंगाणा किल्ल्याच्या बाजूला उतरणारी दगडधोंड्यांची अरुंद, तीव्र उताराची घळ. तिथे आमचा नेहमीचा नियम पुरत नाही. नाळेत मागच्याच्या पायाखालून सुटलेला दगड थेट पुढच्यांच्या डोक्यावर जातो, म्हणजे सगळ्यात सुरक्षित वाटणारी जागाच सगळ्यात जोखमीची होते. बुधवारच्या बैठकीत मी मांडणार आहे की गट लहान ठेवा, हेल्मेट सक्तीचं करा आणि एक तुकडी आडोशाला पोचल्याशिवाय दुसरी उतरवू नका. काकूंना तिथे आत्ता नेऊ नये, असंही सांगणार आहे. त्यांच्यासाठी जानेवारीत राजगड, गुंजवण्याहून, सकाळी लवकर निघून. मागे मीच राहीन.