जुना ट्रक पेट घेईना: सायलेन्सरपासून फीड पंपापर्यंत

ट्रकचं काम अखेर पुढे सरकलं. ज्यांनी आधीचं वाचलं नसेल त्यांच्यासाठी: सहा सिलिंडरचं जुनं डायरेक्ट इंजेक्शन डिझेल (डिझेल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं), टर्बो नाही, इन-लाइन पंप (प्रत्येक सिलिंडरला एक दट्ट्या, सगळे एका रांगेत), 24 व्होल्टची यंत्रणा, इलेक्ट्रॉनिक्सचा पत्ता नाही. गाडी बरीच वर्षं उभी होती. सेल्फ मारला की इंजिन फिरायचं, पण पेट घ्यायचं नाही.

अशा वेळी बरेच जण थेट नोझल, म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारा भाग, काढायला धावतात. मी आधी एकाला सेल्फ मारायला बसवतो आणि स्वतः सायलेन्सरच्या तोंडाशी उभा राहतो. पांढरा धूर येत असेल तर डिझेल सिलिंडरमध्ये पोहोचतंय, पण जळत नाहीये; मग शोध कॉम्प्रेशन, टायमिंग आणि फिरण्याच्या वेगाकडे वळतो. धूर अजिबात नसेल तर डिझेल पोहोचतच नाहीये, आणि अशा वेळी हेडकडे (सिलिंडरांवरच्या झाकणाकडे) बघायचंही कारण नाही. आमच्याकडे धुराचा मागमूस नव्हता. अर्धं इंजिन तिथेच संशयातून सुटलं.

तरीही विजेची बाजू आधी तपासली. डिझेलला स्पार्क नसतो. साधारण 17:1 ने दाबलेली हवा 500 अंशांच्या वर तापते आणि त्या उष्णतेवरच डिझेल पेटतं. इंजिन रेंगाळत फिरलं तर दाबलेली हवा रिंगांमधून निसटते, उष्णता भिंतींना जाते आणि डिझेल पोहोचूनही काही होत नाही. दोन्ही बॅटऱ्या मिळून उभ्या स्थितीत 25.3 व्होल्ट दाखवत होत्या, म्हणजे भरलेल्या. पण मीटरची एक वायर बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर आणि दुसरी थेट इंजिनच्या ब्लॉकवर लावून सेल्फ मारला, तर मधे 1.1 व्होल्ट गळत होते. अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं की मी अर्थ केबल (बॅटरीचा निगेटिव्ह चासीला जोडणारी) सोडतो. चासीवरचा तिचा बोल्ट रंगाखाली गंजला होता. घासून, चकचकीत करून परत आवळला, आकडा 0.3 वर आला आणि फिरण्याचा आवाजच बदलला. नवी बॅटरी घेण्याआधी ही चाचणी कराच, फुकटची आहे. सेल्फ मात्र एका वेळी दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त धरू नका. मधे थंड होऊ द्या, नाहीतर आर्मेचर जळून नवीनच काम लागतं.

वेग सुधारला, धूर मात्र शून्य. म्हणजे डिझेलच.

इन-लाइन पंपाच्या गाडीत सगळ्यात आधी स्टॉप केबल बघावी, म्हणजे केबिनमधून इंजिन बंद करायची केबल. ही इतकी क्षुल्लक गोष्ट आहे की कुणी बघत नाही. वर्षानुवर्षं न हललेली केबल आवरणात अडकते, आतली मूठ पूर्ण आत गेलेली दिसते, पण पंपावरचा लिव्हर मधेच राहतो. मी केबल सोडून लिव्हर हाताने हलवला, पूर्ण प्रवास मोकळा. आमचा पंप ए प्रकारचा असल्याने बाजूचं झाकण उघडून आत डोकावता येतं. रॅक (डिझेलचं प्रमाण कमी-जास्त करणारी दांडी) बोटाने सरकली, सगळे प्लंजर (डिझेल दाबणारे दट्टे) वर-खाली होत होते, एकही स्प्रिंग तुटलेली नव्हती. उभ्या गाडीत डिझेलचा चिकटा होऊन रॅक अडकण्याचे प्रकार पुष्कळ होतात, म्हणून हा हिशेब आधी मिटवला. बॉशने असे पंप 1927 पासून कारखान्यात बनवायला घेतले. तेव्हापासूनची ही मूळ रचना अजूनही पान्या-स्क्रूड्रायव्हरने समजून घेता येते, म्हणून तर मला जुन्या गाड्या आवडतात.

मग हवा काढली. आधी फिल्टरवरचा स्क्रू, मग पंपाच्या गॅलरीचा (प्लंजरांना डिझेल पुरवणाऱ्या आतल्या पोकळीचा), शेवटी नोझलकडे जाणाऱ्या पाइपांचे नट ढिले करून सेल्फ. क्रम उलटा केला तर मागची हवा पुन्हा पुढे येते. हातपंपाचे बरेच ठोके मारल्यावर फेस जाऊन निखळ डिझेल आलं, नट आवळले, आणि इंजिन पेटलं! आधी तीन-चार सिलिंडरवर धडधडत, मग सगळ्यांवर. नट ढिले असताना पाइपाच्या तोंडाशी बोट नेऊ नका. आणि चालू इंजिनवर गळती हाताने चाचपणं तर कधीच नाही. अशा नोझलचा दाब साधारण 200 बारच्या आसपास असतो, ती धार कातडीतून आत शिरते. तसं झालं तर जखम सुईएवढी दिसली तरी थेट दवाखाना.

आनंद एका रात्रीचा. सकाळी पुन्हा तेच: फिरतंय, धूर नाही. हवा काढली की चालू, रात्र गेली की बंद.

खरी मजा इथून सुरू झाली. या गाडीत टाकी चासीवर खाली आणि फीड पंप, म्हणजे टाकीतून डिझेल ओढून मुख्य पंपाला देणारा छोटा पंप, तिच्या वर. त्यामुळे टाकी ते फीड पंप या भागात डिझेल ओढलं जातं, ढकललं जात नाही. तिथे चीर असेल तर डिझेल बाहेर ठिबकत नाही, उलट हवा आत जाते. म्हणून जमिनीवर डाग नाही, सगळे जोड कोरडे, आणि तरी गाडी हवा धरते. अशा वेळी सगळे पाइप, क्लिपा आणि तांब्याचे वायसर एकदम बदलून टाकणारे लोक असतात, आणि कधीकधी त्यांचं भागतंही. पण मग हवा कुठून येत होती ते त्यांना कधीच कळत नाही.

मी फीड पंपाच्या आधी एक आणि नंतर एक असे पारदर्शक पाइपचे तुकडे बसवले. टाकी बाजूला ठेवून स्वच्छ डिझेलचा कॅन जोडला. पहिल्यांदा कॅन केबिनच्या टपावर बांधला. रात्रभर ठेवून सकाळी सेल्फ मारला, पहिल्या फिरकीत चालू. इथे बरेच जण निकाल लावतात की टाकीचा पाइप खराब. पण कॅन वर असला की सगळ्या लाइनीत डिझेलचा दाब असतो, आणि दाब असेल तिथे हवा शिरत नाही, मग फट कुठेही असो. या चाचणीने फट झाकली गेली, सापडली नाही. एक गोष्ट मात्र दिसली: हातपंपाच्या दांड्याभोवती डिझेलची ओल. आधी तिथे कधीच नव्हती.

दुसऱ्यांदा तोच कॅन जमिनीवर ठेवला. इंजिन चालू केल्यावर फीड पंपाच्या आधीच्या तुकड्यात डिझेल काचेसारखं स्वच्छ, नंतरच्या तुकड्यात बारीक बुडबुड्यांची रांग. कॅन काढून टाकीची मूळ लाइन जोडली, तरी आधीचा तुकडा स्वच्छच. म्हणजे टाकी, तिच्यातला पाइप, रबरी होज, सगळे निर्दोष. हवा फीड पंपातच शिरत होती, आणि तिथे बाहेरच्या हवेला वाट देणारी एकच हलती जागा आहे: हातपंप. तो सक्शन व्हॉल्व्हच्या वरच आटे घालून बसवलेला असतो. त्याचा दट्ट्या खाली दाबून फिरवला की सील व्हायला हवं. आमच्याकडचं सील कडक होऊन चिरलेलं निघालं.

पण नुसत्या सीलने रात्रीत लाइन रिकामी व्हायला नको, हे मला टोचत होतं. डिझेल मागे जायचं तर वरून हवा यायला वाट हवी आणि खाली डिझेल सुटायला वाट हवी. फीड पंपाचे दोन्ही व्हॉल्व्ह नीट बसत असतील तर हातपंप गळका असूनही गॅलरी भरलेली राहायला हवी. म्हणून पंप उतरवून व्हॉल्व्ह काढले. सक्शनच्या व्हॉल्व्हखाली गंजाचा कण अडकलेला, डिलिव्हरीच्या व्हॉल्व्हच्या बसण्याच्या जागेवर खाचेसारखी झीज. टाकीच्या तळाशी पाणी साचलं की असा गंज येतो, आणि पाणी व डिझेलच्या सीमेवर बुरशीसारखा काळपट चिकटाही वाढतो. टाकी उतरवून धुतली, तळातून दोन्ही निघाले. व्हॉल्व्ह, स्प्रिंगा, हातपंप नवे टाकले, फिल्टर बदलला, जोडांवर नवे वायसर.

तेव्हापासून गाडी थंड सकाळीही लगेच पेटते. पारदर्शक तुकडे काही दिवस तसेच ठेवले होते, बुडबुडा दिसला नाही, मग मूळ होज बसवले. पारदर्शक पाइप कायमचा ठेवू नका, उन्हाने आणि डिझेलने तो कडक होतो. आणि या सगळ्या शोधात मी ईथरचा स्प्रे (हट्टी इंजिन पेटवायला इनटेकमध्ये मारतात तो) एकदाही वापरला नाही. नाही म्हटलं तरी तो मोह असतोच. पण इनटेकमध्ये हीटर असलेल्या इंजिनावर तो भडकू शकतो, आणि तो वेळेआधी पेटून पिस्टनची रिंग तोडतो. शिवाय, डिझेल येत नसेल तर ईथरवर दोन ठोके मारून इंजिन परत बंदच पडणार.

आता एकच कुरकुर उरलीय. थंड असताना आयडलला (रेस न देता चालताना) पांढऱ्या धुराची एक हलकी लकेर आणि जरासा थरथराट. गरम झाल्यावर दोन्ही कमी होतं. एकेका नोझलचा नट चिंधी गुंडाळून ढिला करून बघितला. तिसऱ्याचा ढिला केला तेव्हा इंजिनच्या आवाजात फरकच पडला नाही. म्हणजे ते सिलिंडर आधीच काम करत नव्हतं. नोझल की कॉम्प्रेशन, हे ठरवायला तिसऱ्याचं नोझल पाचव्यात आणि पाचव्याचं तिसऱ्यात टाकलं. तिसरा आता जोरात ओढतो, पाचवा झोपलेला. म्हणजे दोष नोझलसोबत सरकला, सिलिंडर ठीक आहे. ते नोझल दाबाच्या आणि फवाऱ्याच्या तपासणीला दिलंय. आकडे आले की पुढच्या नोंदीत टाकतो. तोवर टॅपेट क्लिअरन्स (इंजिनच्या व्हॉल्व्हवरची ठरावीक फट) करून घेतो, तेही बरेच वर्षं कुणी बघितलेलं दिसत नाही.