ह्याची वडी हुते काय गे?

गेल्या वर्षी खानापूर रोडवरच्या एका नर्सरीतून मी मॉन्स्टेरा आणला, मोठ्या पानांचं शोभेचं झाड. हॉलच्या कोपऱ्यात मोठ्या थाटात ठेवला आणि सासूबाईंना हाक मारली. त्या पदराला हात पुसत आल्या, पान उलटंपालटं करून बघितलं, देठ चिमटीत दाबला आणि म्हणाल्या, "ह्याची वडी हुते काय गे?"

तेव्हा मी हसले. नंतर वाचलं तर मॉन्स्टेरा खरंच अळूच्या कुळातला निघाला. नुसता तोच नाही, तर कुंडीतली बाकीची शोभेची झाडं, झेडझेड प्लँट, फिलोडेंड्रॉन, अँथुरियम, झालंच तर शेजारणीच्या काचेच्या बाटलीतला मनीप्लँटसुद्धा. सगळी अळू-सुरणाची भावकी! ह्या सगळ्यांच्या अंगात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात. अळूचं फदफदं नीट शिजलं नाही की घसा खवखवतो तो त्यांच्यामुळं, आणि चिंचेचा कोळ घालतात तोही त्यांच्यासाठीच. म्हणजे सासूबाईंच्या चिमटीला जे कळलं ते मला मोबाइलवर शोधावं लागलं. वडी मात्र होत नाही. खाजून मरायची वेळ येईल.

मोरीच्या पाण्यावर वाढलेल्या अळवाकडं कुणी ढुंकून बघत नाही आणि मेक्सिकोतल्या त्याच्या चुलतभावाला मी साडेचारशे रुपये मोजले, हे गणित सासूबाईंना अजून पटलेलं नाही. मलाही महिनाअखेरीला पटत नाही.

पण नाद लागला तो लागलाच. मॉन्स्टेरामागून झेडझेड आलं, मग सापाच्या कातडीसारखी पट्ट्यापट्ट्यांची पानं असलेला स्नेक प्लँट. माळ्यावरचं तांब्याचं घंगाळ खाली काढलं, चिंच-मीठ लावून लखलखीत केलं आणि त्यात झेडझेडची कुंडी ठेवली. घंगाळ सासूबाईंच्या लग्नातलं. दोन दिवस त्या माझ्याशी मोजकंच बोलल्या. तिसऱ्या दिवशी बघते तर घंगाळाखाली जुन्या साडीची चुंबळ करून ठेवलेली, फरशीवर डाग पडू नये म्हणून. म्हटलं, चला, मंजुरी मिळाली.

कुंड्या मात्र मी खानापूरच्याच घेते. तिथल्या मातीचं नाव कौलांपासून माठांपर्यंत आहे. चिनीमातीच्या गुळगुळीत कुंड्या दिसतात छान, पण पाणी धरून बसतात. भाजलेली माती श्वास घेते. माठातलं पाणी ज्या झिरपण्यानं गार होतं, त्याच झिरपण्यानं कुंडीतली मुळं कोरडी राहतात. हे शहाणपण मला एक झाड मेल्यावर आलं.

नर्सरीवाल्यानं कानडीत बजावलं होतं, "नीर भाळ हाकब्याड्री." पाणी फार घालू नका. मी मान डोलावली आणि घरी येऊन रोज तांब्याभर पाणी घातलं. रोपाला पाणी न घालणं म्हणजे दारी आलेल्या पाहुण्याला चहा न विचारण्यासारखं; जमतच नाही. त्यात आपला पाऊस. जूनमध्ये आभाळ भरलं की सप्टेंबरपर्यंत कपड्यांचा कुबट वास जात नाही, पापडाच्या डब्यात पापड वातड होतात. तशा हवेत पश्चिम आफ्रिकेतून आलेल्या स्नेक प्लँटला मी रोज पाणी पाजत होते. एक दिवस पान सरळ करायला गेले तर ते अख्खं हातात आलं. बुडाशी पिवळट लिबलिबीत, आणि वास नासलेल्या कांद्याचा. झेडझेड त्या मानानं लबाड. मातीखाली बटाट्यासारखे कंद करून त्यात पाणी साठवतं. मी महिनाभर माहेरी जाऊन आले तरी पानांवरची चकाकी तशीच. माझ्यावाचून त्याचं काही अडलं नाही, ह्याचं थोडं वाईटही वाटलं.

सगळ्यात मोठी फजिती व्हीनस फ्लायट्रॅपची. किडे खाणारं झाड! मूळचं अमेरिकेतल्या कॅरोलायनाच्या पाणथळ जमिनीतलं. जबड्याच्या आतल्या केसांना थोड्या वेळात दोनदा धक्का लागला की ते मिटतं. भाच्यानं आख्खी दुपार पेन्सिलीनं ते मिटवण्यात घालवली. एकेक जबडा आयुष्यात मोजक्याच वेळा मिटतो, हे ना त्याला ठाऊक ना मला. वरून मी बोअरचं पाणी घातलं. असल्या झाडाला क्षारांचं पाणी सोसत नाही, पावसाचंच लागतं. आमच्या पत्र्यावरून धो धो वाहून जात होतं ते! पंधरा दिवसांत झाड काळं पडलं.

त्याच पावसाळ्याच्या शेवटी आम्ही जांबोटीवरून चोर्ला घाटाकडं निघालो होतो. एका सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, गाडी थांबवून पाय मोकळे केले. जांभ्यावर बोटभर माती, त्यात निळसर-जांभळी बारकी फुलं लाटेसारखी पसरलेली. सीतेची आसवं. खाली वाकले तर त्यांच्यात तांबूस, केसाळ, रुपयाएवढं काहीतरी, प्रत्येक केसाच्या टोकाला चिकट थेंब, आणि एका थेंबात पाय अडकलेलं चिलट अजून वळवळत होतं. दवबिंदू. किडे खाणारंच. सीतेची आसवंही त्यातलीच, फक्त त्यांचे सापळे ओल्या मातीत दडलेले. जांभ्यावरच्या मातीत कस नाही, म्हणून ही मंडळी किड्यांवर पोट भरतात. भाचा म्हणाला, "मामी, एक न्यायचं काय?" मी म्हटलं, चल गाडीत बस. असलं एक झाड मारून झालं होतं, तेवढं पुरे.

मॉन्स्टेरा मात्र टिकला. त्याची कोवळी पानं सबंध असतात, झाड जाणतं झालं की नव्या पानांना चिरा पडायला लागतात. त्या चिरेची मी सात पानं वाट बघितली. आठवं पान सुरळीतून उलगडलं ते बाजूला लांब चीर घेऊनच. मी कौतुकानं सगळ्यांना फोटो पाठवले. संध्याकाळी दिवा लावायला हॉलमध्ये आले तर पानावर पांढरी भुकटी.

"आई, हे काय?"

"राख टाकलीय गे. कीड लागलीय बघ, पान खाल्लंय."

समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. काल नववं पान उलगडलं, त्याला दोन चिरा. सकाळी बघितलं, घंगाळाशेजारी राखेची वाटी तयार होती.