अफवा तेलुगूत होती

सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका यंत्रमाग कामगाराने व्हॉइस नोट पाठवली तेव्हा ऑफिसात उद्याच्या पानांची आखणी चालली होती. माझं तेलुगू कामापुरतंच. पण 'पिल्ललु' (म्हणजे पोरं) आणि 'विडी घरकुल' (विडी कामगारांची वसाहत) हे दोन शब्द ऐकले आणि प्रकरण कळलं. पाठोपाठ व्हिडिओ आला: दोन बायकांना घेरलेला जमाव, शेजारी रडणारं पोर, वर पट्टी 'पोरं पळवणारी टोळी पकडली'.

सोलापूरच्या पत्रकाराला अशा मेसेजची भीती वाटते, त्याला कारण आहे. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्यात याच अफवेपायी नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठार मारलं. त्यातले बहुतेक आपल्या मंगळवेढा तालुक्यातले. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करण्याची मर्यादा आणली. आमच्याकडे तिचा फारसा उपयोग नाही. एकेक जण पंधरा ग्रुपांत असतो, पुन्हापुन्हा पाठवत सगळीकडे पोचवतो.

एका पोर्टलने तोवर व्हिडिओ लावलाही होता, प्रश्नचिन्ह टाकून. (हे प्रश्नचिन्ह म्हणजे अटकपूर्व जामीनच.) वरून विचारणा आली, "आपलं पेज गप्प का?" मी म्हटलं, दहा मिनिटं द्या.

कंट्रोल रूमला फोन केला. पोर हरवल्याची एकही तक्रार नव्हती. मग व्हिडिओ थांबवून थांबवून पाहिला. मागे दुकानाची पाटी होती, गोल अक्षरांची. मला ती तेलुगू वाटली, पण अंकाचं पान लावणारा आमचा तेलुगू बोलणारा पद्मशाली सहकारी वाकून बघत म्हणाला, "हे तेलुगू नाय बे. उडिया असंल." शिवाय रिक्षा हिरव्या-पिवळ्या. त्या फ्रेमचा स्क्रीनशॉट काढून गूगलवर उलटा शोध घेतला, तर तोच व्हिडिओ काही वर्षांपूर्वीच्या पोस्टमध्ये सापडला, दुसऱ्याच गावाच्या नावाने.

व्हिडिओ खोटा निघाला, तरी घरकुलात तोवर खरंच माणसं जमली होती. फोटोग्राफर तिथूनच बोलला, "दोन बोहारणी आहेत. एका आजीने घरात घेऊन कडी लावलीय. बाहेर गर्दी वाढतीय." फोटो काढले होते, पण पाठवू का, असं त्याने विचारलं. नको म्हटलं. एकदा का त्या बायकांचे चेहरे ग्रुपांवर गेले, की पुन्हा या शहरात भांडी घेऊन फिरणं त्यांना अवघड झालं असतं. पोलीस ठाण्याच्या निरीक्षकांना मी थेट फोन लावला. त्यांची गाडी आधीच निघाली होती.

पेजवर आम्ही खुलासा टाकला. व्हिडिओ जुना, परराज्यातला, शहरात अशी तक्रार नाही. तासाभराने लाइक पाहिले, तर बहुतेक पत्रकार, वकील, दोन नगरसेवक. घरकुलातली एकही विडी कामगार बाई त्यात नव्हती. असणार कशी? त्यांच्यापर्यंत अफवा आवाजातून गेली होती, तेलुगूत. आमचा खुलासा मराठीत, तोही वाचायचा.

सहकाऱ्याला घेऊन मी विडी कामगारांच्या युनियनमधल्या एका अक्कांकडे गेलो. वस्तीत त्यांच्या शब्दाला वजन आहे. सूप मांडीवरच होतं, पान वळता वळता त्यांनी ऐकून घेतलं. पहिलं रेकॉर्डिंग भाषणासारखं झालं, 'बंधू-भगिनींनो' वगैरे. सहकारी हसला, म्हणाला, "अक्का, शेजारणीशी बोलल्यासारखं बोला." दुसऱ्या वेळी त्यांनी आधी स्वतःचं नाव सांगितलं, मग कुठल्या गल्लीत राहतात ते. मग म्हणाल्या, त्या बोहारणी आहेत, पोलिसांनी विचारपूस करून सोडलंय, पोरं घरात आहेत का बघा आणि कामाला लागा. 'पोरं पळवणारी टोळी' हे शब्द मी त्यांना मुद्दाम टाळायला लावले होते, कारण अर्धवट ऐकणारा नेमकं तेवढंच पुढे सांगतो.

संध्याकाळी हीच नोट मला त्याच यंत्रमाग कामगाराकडून परत आली, फॉरवर्डेड शिक्क्यासह. "साहेब, हे खरं का?" खरं आहे, म्हटलं, पाठव सगळ्यांना.

पोर्टलने आपला व्हिडिओ गुपचूप उडवला होता. खुलासा नाही, दिलगिरी नाही. रात्री त्यांच्या पोराचा फोन आला, "दादा, ती अक्काची क्लिप द्या की." दिली. त्याने तीवर स्वतःचा लोगो चिकटवून 'एक्सक्लुझिव्ह' म्हणून लावली.