घोडा का अडला?

त्या पंधरवड्यात आमच्या सोसायटीचे वॉचमन माझ्याकडे जरा काळजीनं बघायचे. सकाळी सहाला मी पार्किंगमध्ये खडूनं रेघा मारायची आणि त्यांवरून ढांगा टाकत जायची. एक ढांग बरोबर तीन फुटांची. माझी उंची पाच फूट एक इंच, त्यामुळे तीन फुटांची ढांग म्हणजे चालणं उरत नाही, डबकं ओलांडणं होतं. पण ती जमायलाच हवी होती. रविवारी माझी शो जंपिंगची, म्हणजे घोड्यावर बसून अडथळे ओलांडण्याची, पहिली स्पर्धा होती. माझं वय ४४, अडथळ्यांची उंची ६० सेंटिमीटर आणि गटातले बाकीचे बहुतेक सातवी-आठवीतले.

ढांगांचं गणित असं. कँटरमध्ये, म्हणजे संथ दौडीत, घोड्याचं एक पाऊल साधारण १२ फुटांचं धरतात, म्हणजे माझ्या चार ढांगा. दोन अडथळ्यांमध्ये २० ढांगा भरल्या, तर पहिल्या दोन त्याच्या उतरण्यात जातात, शेवटच्या दोन उठण्यात. मधल्या १६ ढांगांत त्याची चार पावलं. स्पर्धेआधी स्वारांना मैदानात पायी फिरू देतात, तेव्हा हे मोजून ठेवायचं. घोडा त्या वेळी बाहेर उभा. त्याला तो मार्ग पहिल्यांदा दिसतो तो मला पाठीवर घेतल्यावरच. म्हणजे पाठांतर सगळं माझ्या गळ्यात, आणि मी चार जिनसांसाठी वाण्याकडे गेले तरी तीनच घेऊन येणारी.

सुलतान रेसकोर्सवरून निवृत्त झालेला. क्लबातले पुष्कळ घोडे तसेच असतात. तो क्लबचा, मी फक्त वर बसणार. मराठ्यांच्या फौजेत स्वतःचा घोडा घेऊन येणारा तो शिलेदार आणि सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर. त्या हिशोबानं मी बारगीर, तीही महिन्याची फी भरणारी.

नियम वाचले तेव्हा लक्षात आलं, की यात बाद होण्याचे मार्ग फार आहेत. अडथळ्यावरची दांडी पडली की चार दोष. घोडा पहिल्यांदा अडला की चार, दुसऱ्यांदा अडला की बाद. पडलात तर बादच. घंटा व्हायच्या आधी सुरुवातीची रेघ ओलांडून उडी मारली तरी बाद. घंटा झाली की ४५ सेकंदांत निघायचं, आणि तिथून पुढे बाहेरच्या कुणी ओरडून वाट सांगायची नाही. प्रत्येक अडथळ्याला लाल निशाण उजवीकडे, पांढरं डावीकडे ठेवूनच जायचं. हे लक्षात ठेवणंही माझ्याकडेच, कारण घोड्याला लाल रंग आपल्यासारखा वेगळा दिसत नाही.

सरावात सुलतान अडायचा तो ठरावीक जागी. पागेचं दार मैदानाच्या डाव्या अंगाला. तिकडून उजवीकडे वळायचं म्हटलं की त्याला घर आठवायचं. मी चिडून टाचा मारायची. सर एकदा म्हणाले, “त्याला का मारता? वळण तुम्ही कापताय. कोपरा पूर्ण घ्या.” खरंच होतं. घाईत वळण कापलं की अडथळा त्याच्यासमोर तिरका येतो. नाकासमोरचं तसंही घोड्याला धड दिसत नाही, डोळे दोन बाजूंना असल्यामुळे. ऐनवेळी तिरकी दांडी पुढ्यात आली की शहाणा घोडा थांबणारच. घरी येताना लहानपणचं कोडं आठवलं आणि सिग्नलला एकटीच हसले. घोडा का अडला, पान का सडलं, भाकरी का करपली? न फिरवल्यामुळे! ज्यानं कुणी ते रचलं, त्यानं नक्की घोड्यावर मांड टाकलेली असणार. भाकरीचं मात्र मला आजही जमत नाही.

उडीच्या वेळी मागे रेलायचा मोह अनावर होतो. पूर्वी शिकवायचेही तसंच. फेदेरिको काप्रिल्ली नावाच्या इटालियन घोडदळाच्या अधिकाऱ्यानं मोकळे घोडे कसे उडतात ते नीट पाहिलं आणि सांगितलं, की स्वारानं पुढे झुकावं, हात सैल सोडावा, घोड्याला त्याची मान वापरू द्यावी. आज सगळं जग त्याच्याच पद्धतीनं उडी मारतं. हा गृहस्थ १९०७ मध्ये, चाळिशी गाठायच्या आत, घोड्यावरूनच पडून गेला. ही माहिती मी घरी कुणाला दिली नाही.

शनिवारी खोगीर आणि लगाम साबणानं पुसले, रिकिबी दोन भोकं वर घेतल्या. रविवारी पहाटे मामांनी खरारा केला. हे मामा म्हणजे सुलतानचे सईस. मग आयाळीच्या बारीक वेण्या घातल्या, माझ्या आईनं शाळेत जाताना माझ्या घातल्या होत्या तशाच, करकचून. मी पांढरी ब्रीचेस घालून चहा घ्यायची चूक केली. डाग मांडीवर. मामांनी तिथे खडू घासला. खडूचा तो एकूण चांगलाच उपयोग झाला.

नकाशा लागला. नऊ अडथळे, आणि पाचव्यानंतर उजवीकडे वळण. पागेच्या दाराशी. चालताना मी ढांगा मोजल्या, मनात घोकलं, सरावाच्या मैदानात “व्हर्टिकल!” (म्हणजे सरळ उभा अडथळा) असं ओरडून दोन उड्याही मारल्या. माझ्या पुढचा क्रमांक एका दोन वेण्यांवाल्या मुलीचा. ती एकही दांडी न पाडता आली आणि बाहेर येताच तिनं आईकडे वडापाव मागितला. आतापर्यंत घोकलेलं सगळं त्या क्षणी माझ्या डोक्यातून गेलं.

फाटकाशी मामांनी फडक्यानं माझे बूट पुसले. वर न बघताच म्हणाले, “ताई, पाचव्यानंतर उजवीकडं. कोपरा मोठा घ्या, तो पागेकडं बघंल.”

मी आत गेले, परीक्षकांना मान लववली. सुलताननं पागेकडे एकदा कान टवकारले. घंटा झाली.