रकाना क्रमांक ७ आणि अंड्यावरची कोंबडी

भाचीच्या विज्ञान प्रदर्शनाचा अर्ज एकदाचा स्वीकारला गेला त्याला तीन आठवडे झाले. तरी 'प्रत्यक्ष निरीक्षणाचा तपशील' हे शब्द कुठं वाचले की माझं डोकं अजून तापतं. कार्यालयाचं नाव घेत नाही. नाशिकमध्येच आहे, जिन्याजवळ पाण्याची टाकी आहे आणि दुपारी एक ते अडीच तिथं फक्त पंखा काम करतो, एवढं पुरे.

भाची आठवीत. दिवाळीच्या सुट्टीत तिनं विषय ठरवला, 'डायनासोरांचं मीलन आणि प्रजनन शास्त्रज्ञ कसं शोधतात?' ताईनं कपाळाला हात लावला आणि फाइल माझ्याकडं सरकवली, "तूच बघ, तू कारखान्यात रोज फॉर्मच भरतोस." खरं आहे. सातपूरला मी तपासणी विभागात आहे. फॉर्मची मला भीती नाही, असं तेव्हा वाटत होतं.

पहिली खेप शीर्षकातच गेली. 'मीलन' शब्दावर बोट ठेवून खिडकीतल्या मॅडम म्हणाल्या, "हे लहान मुलांचं प्रदर्शन आहे हो." मी 'मीलन आणि' खोडून नुसतं 'प्रजनन' ठेवलं, तर लगेच चाललं. तुमच्याही घरात असा विषय निघाला तर शीर्षकात 'प्रजनन' लिहा, पाठ्यपुस्तकातला शब्द आहे, कोणी काही बोलत नाही. आत काय लिहिलंय ते बहुधा कोणी वाचत नाही. मुख्याध्यापकांचा शिक्का, मार्गदर्शक शिक्षकांची सही, फोटो हे सगळं सुरळीत झालं. शिक्का सहीवर चढू देऊ नका मात्र.

मग आला रकाना सात, 'प्रत्यक्ष निरीक्षणाचा तपशील'.

"काका, सात नंबर रिकामा आहे."

"मॅडम, डायनासोर संपून साडेसहा कोटी वर्षं झाली. प्रत्यक्ष निरीक्षण कोण करणार?"

"मग विषय बदला ना. सौरऊर्जा घ्या, ठिबक घ्या. सगळी मुलं घेतातच की."

भाची टाचा उंचावून खिडकीतून म्हणाली, "पण मॅडम, कोणीच बघितलेलं नाही तरी कळतं, तोच तर विषय आहे!"

मॅडम वाईट नव्हत्या. त्यांनी मॉनिटर आमच्याकडं वळवून दाखवला. "बाळा, तुझं बरोबर आहे. पण सात रिकामा असला की पुढचं पान उघडतच नाही. बघ."

खरंच उघडत नव्हतं. तांबडी चौकट लुकलुकत होती.

तिसऱ्या खेपेला मी आमच्या कारखान्याची युक्ती केली. तपासणीच्या अहवालात जे लागू नाही तिथं आम्ही सरळ 'लागू नाही' लिहितो, त्यावर सही करतो, आणि मोठमोठे ऑडिटर ते मान्य करतात. इथं तांबडी चौकट म्हणाली, किमान ५० शब्द. म्हणजे 'लागू नाही' पंचवीस वेळा. मी खरंच लिहायला घेतलं होतं. बाराव्या वेळेला मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाल्या, "काका, हे परीक्षकांसमोर जाणार आहे." त्या दिवशी माझी अर्धी रजा गेली आणि वर पार्किंगचे पैसे.

चिडचिड कशाची होती सांगतो. आत काय आहे हे फोडून न बघता सांगणं, हेच माझं पोटापाण्याचं काम. वेल्डिंगच्या आत पोकळी आहे का, हे आम्ही वेल्डिंग कापून बघत नाही. अल्ट्रासॉनिकचा प्रोब वरून फिरवतो आणि परत येणाऱ्या लहरीवरून बोट ठेवून सांगतो, इथं आहे. डायनासोरवाले नेमकं तेच करतात, फक्त त्यांची लहर कोट्यवधी वर्षांनी परत येते. कॅनडा कॉर्नरला चहा पिताना हे मी भाचीला सांगितलं. तिनं शांतपणे वही उघडली आणि म्हणाली, "मामा, तू चिडू नकोस. मी सगळं लिहून ठेवलंय. त्यातलं आपल्याला नाशकात काय बघता येईल ते शोधू."

तिची वही म्हणजे खजिना होता. जोडी जुळलेल्या अवस्थेत दगड झालेला एकही डायनासोर जगात सापडलेला नाही, हे पहिल्याच पानावर. कासवं सापडली आहेत. जर्मनीतल्या मेसल इथं ४ कोटी ७० लाख वर्षांपूर्वीच्या तळ्याच्या गाळात कासवांच्या जोड्याच्या जोड्या मिळाल्या, २०१२ साली ते प्रसिद्ध झालं. पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांत मीलनाचा एवढा उघड पुरावा त्याआधी कोणाकडं नव्हता. डायनासोरांच्या नशिबी तसं तळं आलं नाही.

पुढच्या पानावर तिनं चिकटवलेला फोटो, सिटॅकोसॉरस. चोचीचा, लॅब्राडोर कुत्र्याएवढा प्राणी, कातडीसकट दगड झालेला, फ्रँकफर्टच्या संग्रहालयात आहे. शेपटीखाली त्याची क्लोएका, म्हणजे मल, मूत्र, अंडी सगळ्यांची एकच वाट, इतकी स्वच्छ टिकली की २०२१ साली तिचं वर्णन प्रसिद्ध झालं. पण नर की मादी? तेवढ्यावरून सांगता येत नाही. हे वाचून ताई म्हणाली, "एवढं बघून पण कळेना?" नर-मादी ओळखणं हाच या धंद्यातला सगळ्यात चिवट प्रश्न आहे. शिंगं मोठी म्हणजे नर, असं डोळे झाकून म्हणता येत नाही. तो फरक वयाचाही असू शकतो.

मला सगळ्यात भावली ती ओव्हिरॅप्टरची गोष्ट. १९२३ साली गोबीच्या वाळवंटात अमेरिकी मोहिमेला अंड्यांची घरटी मिळाली, आणि एका घरट्यावर एका लहान डायनासोरचा सांगाडा. अंडी दुसऱ्याच जातीची समजून पुढच्या वर्षी या बिचाऱ्याचं नाव ठेवलं ओव्हिरॅप्टर, म्हणजे अंडीचोर. १९९३ साली तशाच अंड्यात पिल्लू सापडलं, ते त्याच्याच कुळातलं. पुढं अंड्यांवर हात पसरून बसलेले सांगाडेही मिळाले. म्हणजे तो चोर नव्हता, उबवणारा होता. सत्तर वर्षं कपाळावर शिक्का. नाव अजूनही तेच आहे, नियमानं बदलता येत नाही म्हणे. वाचून मला ती तांबडी चौकटच आठवली.

भाचीला मात्र कोलोरॅडोचे ओरखडे आवडायचे. तिथल्या सुमारे १० कोटी वर्षं जुन्या वाळूखडकावर जोडीजोडीनं खरवडल्याच्या खुणा आहेत, मोठ्यातली मोठी दोनेक मीटर. घरटी म्हणावीत तर अंड्याच्या कवचाचा कण नाही. २०१६ साली शास्त्रज्ञांनी मांडलं की हे मादीपुढं केलेलं प्रदर्शन असावं. जमिनीवर घरटं करणाऱ्या काही पक्ष्यांत नर आजही मादीसमोर खळगे उकरून दाखवतो, 'बघ, मला घर बांधता येतं' अशा थाटात. सातसाठी तिनं टिटवी सुचवली. निफाडला आजोळच्या द्राक्षबागेच्या कडेला दर उन्हाळ्यात टिटवीचा खळगा असतो. पण अर्जाची मुदत डिसेंबरची, आणि टिटवी काही मुदत बघून अंडी घालत नाही.

नाशकातच एखादं अंडं सापडेल का, अशी आशा धरून आम्ही पांडवलेण्यापर्यंत गेलो होतो, तेही कबूल करतो. गोल दगड खूप मिळाले. पण आपल्याकडचा सगळा काळा दगड ज्वालामुखीच्या लाव्हाचा आहे, त्यात कसली अंडी टिकणार? अंडी मिळतात ती बहुतेक त्या लाव्हाच्या खालच्या थरात, नर्मदेच्या खोऱ्यात. धार जिल्ह्यात मिळालेल्या ९२ घरट्यांचा आणि २५६ अंड्यांचा अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला, सगळी टायटनोसॉर या अजस्र लांबमानेंची. त्याच भागात पाडल्या गावचे शेतकरी असेच गोल दगड काकड भैरव म्हणून पूजत होते, अशी बातमी त्या वर्षी आली होती. आणि तिथलंच एक अंडं असं, की अंड्याच्या आत अंडं. कोंबडीतही क्वचित असं होतं. त्यावरून त्या राक्षसांची अंडनलिका पक्ष्यांसारखी चालत असावी, असा अंदाज निघतो.

कोंबडी. हा शब्द आला आणि भाची एकदम गप्प झाली. मग वहीची पानं मागं उलटत गेली.

२००५ साली मॉन्टानातल्या एका टी-रेक्सच्या मांडीच्या हाडात वेगळाच अस्तर सापडला. ते हाड फोडावं लागलं होतं, कारण दगडासकट तो गठ्ठा हेलिकॉप्टरला पेलेना. आतला थर तसाच, जसा अंडी घालणाऱ्या पक्षिणीच्या हाडात असतो. कवचाला लागणारं कॅल्शियम साठवायला मादी अंडी द्यायच्या आधी हाडाच्या पोकळीत तात्पुरतं हाड तयार करते, अंडी संपली की ते विरतं. म्हणजे हा थर दिसला की मादी, आणि तीही अंड्यावरची, म्हणजे अंडी घालण्याच्या दिवसांतली. ६ कोटी ८० लाख वर्षांपूर्वीची.

"मामा, अंड्यावरची कोंबडी!"

दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीच्या चिकनवाल्याकडं गेलो. "भाऊ, एक अंड्यावरची कोंबडी आणि एक कोंबडा. दोघांच्या मांडीची हाडं अख्खी पाहिजेत, अभ्यासाला." तो सुरा थांबवून म्हणाला, "दादा, बारा वर्षांत हे कारण नवीन." ब्रॉयलर घेऊ नका, पहिल्यांदा आम्ही तीच चूक केली. दीड महिन्याचं पिल्लू असतं ते, अंडी घालायच्या वयाचं नसतंच, हाडात काही मिळत नाही.

कोंबडीच्या पोटात बलकांचा घोस होता. मोठा लिंबाएवढा, मग बोराएवढा, मग मटार, मग मोहरी, सगळे एका देठाला लगडलेले, आणि खाली कवचासकट तयार एक अंडं. एका वेळी एकच, कारण कोंबडीचं एकाच बाजूचं अंडाशय काम करतं. भाचीनं तिथंच दुकानात उभं राहून चिकनवाल्याला सांगितलं, की चीनमधल्या ओव्हिरॅप्टरच्या जातभाईच्या कमरेत दोन अंडी शेजारी शेजारी सापडली आहेत, म्हणजे त्यांच्या दोन्ही बाजू चालू होत्या. "मग धंदा दुप्पट," तो म्हणाला.

हाडं उकळली, साफ केली, गच्चीवर चार दिवस वाळवली. हॅक्सॉच्या पात्यानं मी ती उभी चिरली. कोंबड्याचं हाड आतून गुळगुळीत, रिकामी नळी. कोंबडीच्या हाडात भिंतीला चिकटून रव्यासारखा खरबरीत थर, बोट फिरवलं तर टोचणारा, भिंगाखाली बारीक सुयांचं जाळं. ताई रस्सा ढवळत होती, तीही गॅस बंद करून बघायला आली. मला, खरं सांगतो, नोकरीतल्या पहिल्या पगारापेक्षा जास्त आनंद झाला.

सात नंबरमध्ये भाचीनं १८० शब्द लिहिले. कोंबडा, कोंबडी, ब्रॉयलर तिन्हींची निरीक्षणं आणि शेवटी टी-रेक्स. चौकट हिरवी झाली.

विसरायच्या आधी एक. फोटो २०० केबीच्या आत ठेवा, आणि भरून झालं तरी अर्जाची छापील प्रत बरोबर न्या, त्यावर आवक क्रमांक लिहून घ्या. आम्ही घेतला नव्हता. म्हणून गट बदललेला आम्हाला प्रदर्शनाच्या दिवशी कळला. अर्जात कोंबडी दिसल्यामुळं कोणीतरी आम्हाला 'शेती व पशुसंवर्धन'मध्ये टाकलं होतं. एका बाजूला ठिबक सिंचन, दुसऱ्या बाजूला गांडूळखत, मध्ये आमचा थर्माकोलचा टी-रेक्स.

परीक्षक निवृत्त पशुवैद्य निघाले. त्यांनी भिंगातून पाच मिनिटं हाड बघितलं आणि फक्त एवढंच विचारलं, "कोंबडी किती आठवड्यांची होती?" भाचीनं माझ्याकडं पाहिलं. ते काही मी चिकनवाल्याला विचारलं नव्हतं.

हाडं आता काडेपेटीत, तिच्या टेबलावर. नीट उकळा हं, नाहीतर मुंग्या लागतात. पहिल्या ब्रॉयलरच्या हाडाला लागल्या होत्या.