तुम्ही विचारलंत म्हणून : पृथ्वीच्या काळाचे भाग सारखे का नाहीत?

विहिरीची जागा पाहण्यासाठी साक्री-नंदुरबारकडे किंवा यावल-रावेरच्या केळीच्या पट्ट्यात गेलो, की खडकाच्या वयाचा विषय निघतोच, आणि कोणीतरी हमखास विचारते : पृथ्वीच्या काळाचे भाग पाडायचेच होते, तर ते सारखे का पाडले नाहीत? प्रश्न रास्त आहे. पुराजीव महाकल्प सुमारे 29 कोटी वर्षांचा, मध्यजीव साडेअठरा कोटींचा आणि आपण ज्यात राहतो तो नवजीव जेमतेम 6.6 कोटींचा आहे.

याचे कारण असे, की हे भाग वर्षे मोजून पाडलेलेच नाहीत. ब्रिटिश भूवैज्ञानिक जॉन फिलिप्स यांनी 1841 मध्ये हे तीन महाकल्प मांडले ते खडकांतील जीवाश्म पाहून. एका थरापर्यंत आढळणारे जीव त्याच्या वर एकाएकी दिसेनासे होतात, तिथे त्यांनी सीमा मानली. खडकाचे वय वर्षांत मोजता येते ते किरणोत्सर्गामुळे, आणि त्याचा शोध 1896 चा, म्हणजे वर्षांचे आकडे त्यानंतर आले. म्हणूनच आकडे बदलतात आणि सीमा मात्र टिकते : कँब्रियन कल्पाची, म्हणजे पुराजीव महाकल्पाच्या पहिल्या भागाची, सुरुवात पूर्वीच्या पुस्तकांत 57 कोटी वर्षांपूर्वीची दिलेली असे, आता ती सुमारे 53.9 कोटी मानतात.

साक्रीकडच्या एखाद्या नव्या विहिरीच्या काठावर उभे राहून खाली पाहा. वर काळी माती, मग मुरूम, त्याखाली पांढऱ्या खड्यांनी भरलेल्या छिद्रांचा मांजऱ्या दगड, मग काळा पाषाण, आणि मध्येच वीतभर जाडीचा लाल गेरूचा थर. लाव्हाचा एक थर निवला, त्याचा माथा झिजून त्याची माती झाली आणि त्यावर पुढचा लाव्हा येऊन पसरला, ही सारी हकिगत त्या वीतभर लालीत आहे. परिसरात काळ्या दगडाच्या सरळ, लांबलचक भिंती दिसतात, त्या डाइक. त्या या थरांना छेदून जातात, तेव्हा त्या थरांनंतरच्याच असणार. एवढ्यावरून क्रम पक्का होतो, वर्षे मात्र कळत नाहीत. ती कळण्यासाठी सह्याद्रीतील अशाच लाल थरांमधून झिरकॉनचे सूक्ष्म स्फटिक वेचून त्यांतील युरेनियम आणि ठरावीक वेगाने त्यापासून होणारे शिसे यांचे प्रमाण मोजले गेले. त्यावरून मध्यजीव महाकल्पाची अखेर, म्हणजे 6.6 कोटी वर्षांपूर्वीची सीमा, दख्खनच्या लाव्हांचे उद्रेक चालू असतानाच येऊन गेली, असे दिसते.

तरीही ती सीमा आपल्या पाषाणात ठरवलेली नाही, कारण लाव्हात जीवाश्म टिकत नाहीत. ती ठरली ट्युनिशियात एल केफ येथे, इरिडियम हा दुर्मीळ धातू असलेल्या चिकणमातीच्या थराच्या तळाशी. कोणत्याही एका प्रदेशात सगळा काळ साठलेला नसतो. यावलला तापीच्या गाळातून शंभर मीटरहून खोल बोअर घेतले तरी तो गाळ मुख्यतः गेल्या सव्वीस लाख वर्षांतला निघतो, आणि त्याखाली थेट लाव्हाचा पाषाण लागतो. मधल्या सहा कोटींहून अधिक वर्षांचा तिथे जवळजवळ काहीच पुरावा उरलेला नाही. खानदेशच्या जमिनीवरून कोणी कालमापन रचले असते, तर हा सारा काळ त्यात आलाच नसता. म्हणून प्रत्येक सीमेसाठी जगभर शोधून, जिथे थर सलग आहेत अशी एक जागा मुक्रर करतात.

सारखे नाहीत, तरी निदान पूर्णांकात भाग पाडून पाहण्याचा प्रयोगही झाला आहे. कँब्रियनच्या आधीच्या सुमारे 400 कोटी वर्षांत ठळक जीवाश्म जवळजवळ नाहीत, म्हणून तिथे 250 कोटी, 230 कोटी, 160 कोटी अशा ठरवून घेतलेल्या आकड्यांवर सीमा आखल्या गेल्या. अभ्यासकांचे त्यावर समाधान झालेले नाही, आणि माझेही नाही, कारण अशा सीमेवर बोट ठेवायला खडकात काहीच सापडत नाही. त्या जागी प्रत्यक्ष थरांवरच्या सीमा आणण्याचे काम चालू आहे. 2004 मध्ये कँब्रियनच्या लगेच आधीच्या एडियाकरन कल्पाची सुरुवात दक्षिण ऑस्ट्रेलियातील फ्लिंडर्स पर्वतरांगेत, हिमयुगाच्या गाळावर थेट बसलेल्या डोलोमाइटच्या (चुनखडकासारख्या खडकाच्या) थराच्या तळाशी, ठरवली गेली.