कॅनडाला येताना काय विकलं, काय ठेवलं आणि गाडीने खाल्लेले पाच आठवडे

आम्ही पुण्याहून मिसिसागाला आलो त्याला आठ महिने झाले, तरी गाडीच्या कागदांचा विषय निघाला की माझं डोकं अजून तापतं, म्हणून एकदा लिहूनच काढते. बाकी व्हिसा, मेडिकल, तिकिटं सगळं वेळेत झालं. फ्रिज, वॉशिंग मशीन, सोफा सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकल्यावर दोन दिवसांत गेलं. गाडीला तर नवऱ्याच्या ऑफिसातलंच गिऱ्हाईक तयार होतं, त्यामुळे ती विकायचं काम मी सगळ्यात शेवटी ठेवलं आणि तिथेच चुकले.

लोन आम्ही तीन वर्षांपूर्वी फेडलं होतं. तेव्हा बँकेने एनओसी आणि फॉर्म ३५ (गाडीवरचं कर्ज संपल्याचा आरटीओचा फॉर्म) पाठवला, तो फाइलला लावला आणि विषय संपला असं वाटलं. पण ते कागद आरटीओत देऊन आरसीवरचं बँकेचं नाव काढून घ्यावं लागतं (हायपोथिकेशन, एजंट लोक नुसतं एचपी म्हणतात), आणि ते निघेपर्यंत गाडी दुसऱ्याच्या नावावर होत नाही. आमच्या एनओसीवर ९० दिवसांची मुदत छापली होती, ती वाचली तेव्हा जायला सहा आठवडे उरलेले.

मुदत केव्हाच संपलेली, म्हणून नवी एनओसी मागायला बँकेच्या शाखेत गेले तर लोनचं काम इथे होत नाही, दुसऱ्या ऑफिसात जा. तिथे गेले तर मेल करा. मेल केला तर सात ते दहा कामाचे दिवस. अकराव्या दिवशी फोन केला तेव्हा कळलं की सही जुळत नाही म्हणून रिक्वेस्ट बंदच करून टाकली होती, आणि आम्हाला एक मेसेजसुद्धा नाही! मग सही व्हेरिफाय करायला परत शाखा, तिथले साहेब रजेवर, सोमवारी या. सोमवारी नवऱ्याने हाफ डे टाकून सही केली, परत सात ते दहा दिवस. शेवटी पत्र आलं तर चासी नंबरचा एक आकडा चुकलेला. आरटीओत असा कागद चालत नाही, एजंटने बघताक्षणी परत दिला. त्या दिवशी मी बँकेत जाऊन बसले आणि तिथल्या मुलाला सांगितलं, दादा, माझं विमान बारा दिवसांवर आलंय, दुरुस्त पत्र हातात पडल्याशिवाय मी उठणार नाही. साडेचारला पत्र मिळालं. म्हणजे ते काम एका दिवसाचंच होतं, आणि त्यासाठी माझे चार आठवडे गेले.

मधे गिऱ्हाईक म्हणालं, वहिनी, फॉर्म २९ आणि ३० वर (गाडी दुसऱ्याच्या नावावर करायचे फॉर्म) सह्या करून द्या, गाडी नेतो, नावाचं नंतर बघू. खूप जण असं करतात, तुम्ही अजिबात करू नका. २०१८ साली सुप्रीम कोर्टाने स्पष्ट सांगितलंय की अपघात झाला तर नुकसानभरपाईची जबाबदारी रेकॉर्डवर ज्याचं नाव आहे त्या मालकाची. आपण परदेशात आणि केस आपल्या नावावर, कोण धावणार? मी ठाम नाही म्हणाले, आणि त्याचं मला आजही बरं वाटतं. एचपी काढणं आणि नावबदल हे दोन्ही अर्ज मग एकत्रच टाकले. फास्टॅग बंद करायला विसरू नका, तो आपल्या खात्याला जोडलेला असतो.

या धावपळीत घरातलं काय ठेवायचं हे शांतपणे ठरवायचं राहूनच गेलं. मिक्सर आणायचा नाही एवढं माहीत होतं, इथे १२० व्होल्ट, आपला २३० चा. सोऱ्या, पुरणयंत्र, विळी, मोदकाचे साचे आणले. पण माळा शेवटच्या दोन दिवसांत काढला, मी आरटीओत असताना भंगारवाला येऊन गेला आणि पोत्यात आजेसासूबाईंचं नाव घातलेलं तांब्याचं घंगाळ गेलं. रात्री लक्षात आलं. सकाळी त्याच्या दुकानात गेले तर माल पुढे गेलेला. सासूबाई एवढंच म्हणाल्या, जाऊ दे गं, तुला तरी कुठे वेळ होता. ते मला अजून लागतं. नाव घातलेली भांडी सगळ्यात आधी बाजूला काढा आणि नणंद, भाऊ, कुणाकडे तरी पोचवून या, मग बाकीचं विका.

आणि हो, मागाहून येणारं सामान असेल तर त्याची किमतीसकट यादी पहिल्यांदा उतरतानाच इथल्या कस्टम्सला द्यावी लागते, दागिन्यांचे फोटोही जोडा. पीपीएफ मोडायची घाई करू नका, आधी उघडलेलं खातं मुदत संपेपर्यंत चालू ठेवता येतं. सेव्हिंग खातं मात्र एनआरओ (परदेशी राहणाऱ्यांचं भारतातलं खातं) करून घ्या.

अजून एक राहिलं. आरटीओतून ड्रायव्हिंग लायसन्सचा एक्स्ट्रॅक्ट (लायसन्सच्या नोंदीचा दाखला) घेऊन या, इथे ऑन्टारिओ प्रांतात लायसन्स काढताना आपला जुना अनुभव धरून घ्यायला तो लागतो. माझा मी गाडीच्या कामाला गेले तेव्हाच काढून घेतला होता. नवऱ्याचा राहिला, तो आता पुण्याहून मागवतोय.